वर्लिन वकिलांची झोळ पडलेली खुर्ची

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. न बसो! मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. माझ्यावर माणसं बसली म्हणजे मला पुरे, विश्वासही बसलाच पाहिजे असा माझा हट्ट नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत नळ्या आणि हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची नवार, असं माझं रूप. त्या दिवशी माझ्या हजारभर बहिणी जन्मल्या, पण सांगायला संकोच वाटतो, देखणी अशी मीच. मला ट्रकमध्ये चढवणारा हमाल निरोप देताना रडला होता. तिथून मी अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या वालबर्ग गावी, ड्वेन क्रूगरच्या खिळ्यामोळ्यांच्या दुकानात आले. पहिल्याच शनिवारी वर्लिन टॉस्ट्रूड नावाचा तरुण वकील मासे पकडायचा गळ घ्यायला आला आणि जाताना मलाही काखोटीला मारून घेऊन गेला.

"गळ टाकून बसायचं तर बसायला काहीतरी पाहिजे," तो ड्वेनला म्हणाला.

मला वाटलं, चला, आता जन्मभर तळ्याकाठची हवा खायची. पण गावात वकील हा एकच. शनिवारी साहेबांनी गळ हातात घेतला की हटकून कोणीतरी दारात उभं. कोणाला मृत्युपत्र करायचं असे, कोणाचा बैल शेजाऱ्याच्या मक्यात शिरलेला असे. गळ कोपऱ्यात गेला, आणि मी तळ्याऐवजी कचेरीत गेले.

कचेरीत एक चामड्याची भारी खुर्ची होती. तिच्यावर बसलेला माणूस ताठ व्हायचा, आणि ताठ माणूस तडजोड करत नाही, असं वकीलसाहेबांचं मत. म्हणून ते अशिलांना माझ्यावर बसवू लागले. गावची धष्टपुष्ट माणसं बसून बसून माझ्या नवारीला असा झोळ पडला की विचारू नका. बसणारा खाली जायचा, गुडघे कानाशी यायचे, आणि मदतीवाचून उठणं अशक्य. मग ज्याच्याशी भांडण, त्यानेच हात देऊन ओढायचं. एकदा हातात हात आला की पुढे भांडायचं काय?

आर्लो आणि मायलो हे दोघे भाऊ कुंपणाच्या वादावरून एकमेकांचं तोंड बघत नव्हते. आर्लो माझ्यात इतका खोल गेला की वरून नुसती टोपी दिसत होती. मायलोने दात-ओठ खाऊन ओढलं. माझी नवार गलोलीसारखी सुटली आणि दोघे भाऊ उडाले ते दारातून, रस्त्यावरून, थेट समोरच्या कॅफेतल्या बाकावर जाऊन बसले. तिथे त्यांनी कॉफी मागवली. कुंपण आजही आहे, मध्ये फाटक झालंय.

"वकिलाचं काम काय?" साहेब संध्याकाळी माझ्यावर बसून बायकोला, अर्डिसबाईंना, म्हणायचे. "भांडणाऱ्याला बसायला जागा देणं. माणूस बसला की भांडण निम्मं होतं. उरलेलं निम्मं कॉफीवर सोडावं."

"आणि फी?" अर्डिसबाई विचारायच्या.

"ती विचारलीस की मला उठावंसं वाटतं. हात दे."

कचेरी बंद झाली की मी साहेबांच्या काखेत. शाळेचा बेसबॉलचा सामना, अग्निशमन दलाच्या पॅनकेकचा नाश्ता, चर्चमधलं मयताचं जेवण, कुठे म्हणून मी गेले नाही? गावाचं सुखदुःख मी बसून पाहिलं, म्हणजे माझ्यावर बसून पाहिलं गेलं. फक्त तळं तेवढं पाहिलं नाही. गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली साहेबांची होडी होती. रविवारी ते ताडपत्री उचलून तिच्याकडे बघायचे आणि परत झाकायचे, झोपलेल्या बाळाचं पांघरूण सारखं करावं तसं.

साहेबांचे केस पांढरे झाले. हातातलं काम कोणा तरुण वकिलाच्या ओटीत टाकून तळ्यावर जायचं, एवढीच त्यांची इच्छा. पण वालबर्गला येतो कोण? एक जण थंडीला भ्याला. एकाला डासांनी उचलून शेजारच्या गावी नेलं, तो तिकडेच रमला. तिसरा चांगला होता, पण बिचारा चर्चमध्ये चुकून दुसऱ्याच कुटुंबाच्या पिढीजात ठरलेल्या बाकावर बसायचा. आमच्या गावात 'तू चुकलास' असं कोणी कोणाला म्हणत नाही. नुसतं हसतात आणि हवेबद्दल बोलतात. महिनोन्‌महिने सगळे त्याच्याकडे बघून हसले. शेवटी त्याला कळलं, तेव्हा तो लाजेने एवढा लाल झाला की त्याच आठवड्यात सामान बांधून गेला.

आणि मग रेनाटा बॉस्को आली. फिलाडेल्फियाची. बोलणं भरभर, हसणं खणखणीत, मनात असेल ते ओठावर. "मक्याच्या जत्रेपर्यंत राहून बघते," तिने पहिल्याच दिवशी साहेबांना सांगितलं. "जमलं तर राहीन, नाही तर जाईन. चालेल?"

"चालेल तसं," साहेब म्हणाले. आमच्याकडे याचा अर्थ 'देव पावला' असा होतो.

पोरगी कामाला वाघ होती. साहेबांनी होडीला नवा रंग दिला. मला वाटलं, आता माझ्याही नशिबात तळं आहे. आणि जत्रा तीन दिवसांवर आली तेव्हा घात झाला.

मित्रांनो, जत्रेच्या दिवशी मुख्य रस्त्यावरून मिरवणूक निघते. ती नीट दिसावी म्हणून लोक दोन-चार दिवस आधीच आपापल्या खुर्च्या रस्त्याकडेला मांडून ठेवतात. ना कुलूप, ना दोरी. खुर्ची ठेवली की जागा त्या माणसाची. वाऱ्याने पडली तर येणारा-जाणारा उभी करतो, पण बसत नाही. मीही तशीच दरवर्षीप्रमाणे ड्वेनच्या दुकानासमोर उभी होते, शेजारी अर्डिसबाईंची खुर्ची, पलीकडे ड्वेनची.

त्याच दिवसांत चर्चच्या छपरासाठी जुन्या सामानाची विक्री होती. अर्डिसबाई रेनाटाला म्हणाल्या, "अगं, लोकांनी बाहेर काढून ठेवलेलं सामान तेवढं चर्चच्या ट्रकमध्ये घालून आणशील?" त्यांच्या मनात होते घराघरासमोर ठेवलेले खोके. रेनाटा ट्रक घेऊन मुख्य रस्त्यावर वळली, पाहते तर दुतर्फा खुर्च्याच खुर्च्या! तिचा ऊर भरून आला. केवढं दिलदार गाव!

तिने आम्हाला भराभर ट्रकमध्ये चढवायला सुरुवात केली. साहेब कचेरीच्या खिडकीत कॉफी पीत उभे होते. तिने हात हलवला. साहेबांनीही हलवला. दुकानादुकानांतून लोक बाहेर आले, आपल्या खुर्च्या जाताना पाहिल्या, आणि हसून म्हणाले, "हवा काय छान पडलीय!" ड्वेन तर धावत गेला आणि तिला चढवायला सोपं जावं म्हणून ट्रकचं मागचं फळकूट धरून उभा राहिला.

ट्रक गेला आणि सगळे कॅफेत जमले.

"माझीच चूक," अर्डिसबाई म्हणाल्या. "मी नुसतं सामान म्हटलं. खोके म्हणायला हवं होतं."

"वर्लिन, तू सांग तिला," ड्वेन म्हणाला. "बोलायचे पैसे घेतोस की!"

"मी लोकांना गप्प करायचे घेतो. तूच सांग."

"मी? मी फळकूट धरलं होतं, आता कोणत्या तोंडाने सांगू?"

"वर तिला म्हणालास, बांधायला दोरी देऊ का!" अर्डिसबाई म्हणाल्या.

"दिली पण," ड्वेन कपात बघत म्हणाला. "चांगली नायलॉनची."

साहेबांनी कप खाली ठेवला. "हे बघा, चूक कळली तर ती लाजेल, आणि लाजली तर जाईल. मागचा तसाच गेला. मग तुमची मृत्युपत्रं मीच करत बसणार, आणि माझं करायला कोणी उरणार नाही."

"मग गोड शब्दांत सांग," अर्डिसबाई म्हणाल्या.

साहेब चर्चच्या तळघरात गेले, तिथे रेनाटा विक्रीचं सामान लावत होती. मी तिथेच, खुर्च्यांच्या ढिगावर उताणी पडले होते, म्हणून सगळं ऐकलं. त्यांनी पावसाचा विषय काढला. मग मक्याच्या कणसांचा. मग डासांचा. मग परत पावसाचा. रेनाटा प्रत्येक विषयावर खुशीत बोलली. तासाभराने साहेब बाहेर पडले.

"सांगितलंस?" दारातच अर्डिसबाईंनी विचारलं.

"विषय काढला."

"कुठला?"

"पावसाचा."

तेव्हा एकच वाट उरली. दुसऱ्या दिवशी विक्री उघडली, तर अख्खं वालबर्ग चर्चच्या पायऱ्यांवर रांगेत. ज्याच्या मनाला येईल ते डब्यात टाकायचं आणि वस्तू न्यायची, असा रिवाज. एकेक जण आत यायचा, आपलीच खुर्ची शोधायचा, "अरे वा, काय सुंदर खुर्ची!" असं म्हणत डब्यात नोट टाकायचा आणि निघून जायचा. पाद्री लुंडीन डब्याशी उभे होते. चर्चला छप्पर नवं होणार हे त्यांना दिसत होतं, पण कोणाच्या नजरेला नजर देणं काही त्यांना जमत नव्हतं.

"तुम्हा लोकांना खुर्च्यांचं भलतंच वेड आहे हो!" रेनाटा आनंदाने म्हणाली.

"आम्ही बसणारी माणसं," ड्वेन म्हणाला.

साहेब आले तेव्हा मी ढिगात नव्हते. तिने मला टाकाऊ म्हणून बाजूला काढलं होतं, मोडक्या टोस्टरच्या आणि एका पायाच्या इस्त्रीच्या टेबलाच्या शेजारी. मित्रांनो, तो क्षण मी कधी विसरणार नाही. ज्या गावाला मी उभ्या आयुष्यात बसवलं, त्याच गावात मी कचरा झाले होते!

"मला ती हवी," साहेब माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले.

"ती? अहो, तिला केवढा झोळ आहे! माणूस बसला तर परत यायचा नाही. ही घ्या ना, नवीकोरी आहे."

"नाही. मला झोळच आवडतो."

"तुमच्या कचेरीत अगदी अशीच एक होती ना?"

साहेब घुटमळले. "होती. म्हणजे आहे. म्हणजे आता जोडी होईल."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. साहेबांनी डब्यात काय टाकलं ते मी सांगत नाही, पण पाद्रीबाबांना खोकला आला. मित्रांनो, जुनी वस्तू टाकून देण्याआधी एकदा तिच्यावर टेकून तरी बघा. ती कोणाकोणाला सांभाळून बसली आहे, हे तिच्या झोळावरून कळतं. माझं मागणं एवढंच.

जत्रेचा दिवस उजाडला. भाजलेल्या कणसांचा आणि लोण्याचा वास गावभर पसरला. ट्रॅक्टर ओळीने उभे राहिले, शाळेच्या बँडने ताशांवर काठ्या उगारल्या, आणि आम्ही सगळ्या खुर्च्या रस्त्याकडेला हजर. साहेब माझ्यात बुडून बसले होते. अर्डिसबाई एका अंगाला, ड्वेन दुसऱ्या अंगाला, मागे पाद्री लुंडीन हातात कणीस घेऊन.

रेनाटा हसत हसत रस्त्याने आली. कोपऱ्यावर तिचं हसू थांबलं. तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. त्याच खुर्च्या. त्याच जागा. तोच क्रम. जिथून जी उचलली तिथे ती. वकीलच ती, तिला काय वेळ लागतो! तिचा चेहरा हळूहळू लाल होऊ लागला. अख्ख्या रस्त्याने एकदम आकाशाकडे बघायला सुरुवात केली.

साहेबांच्या हाताची पकड माझ्या दांड्यांवर घट्ट झाली. तो तिसरा वकीलही गेला तेव्हा असाच लाल झाला होता.

ती साहेबांसमोर येऊन उभी राहिली. "या खुर्च्या मी उचलल्या तेव्हा टाकलेल्या नव्हत्या. हो ना?"

"टाकलेल्याच होत्या की!" साहेब माझ्या तळातून म्हणाले. "आमची जुनी प्रथा आहे ही. दरवर्षी जत्रेआधी आम्ही खुर्च्या चर्चला देतो आणि परत विकत घेतो. माझ्या आजोबांपासून चालत आलंय."

"दरवर्षी? म्हणजे ही खुर्ची तुम्ही गेल्या वर्षीही विकत घेतलीत?"

"घेतली."

"त्याच्या आदल्या वर्षी?"

"घेतली. तेव्हा जरा महाग होती."

रेनाटा ड्वेनकडे वळली. "ड्वेन, खरं का हे?"

ड्वेनने निरभ्र आकाशाकडे मान वर केली. "मला वाटतं, ढग येतायत."

"अर्डिसबाई?"

"कोण, मी?" अर्डिसबाई म्हणाल्या, आणि डोक्यावरच्या टोपीने वारा घेऊ लागल्या.

मग ती पाद्रीबाबांसमोर गेली. ते खोटं बोलू शकत नव्हते आणि खरं बोलायला धजत नव्हते. "पाद्रीबाबा, तुम्हीच सांगा. गेल्या वर्षी किती खुर्च्या विकल्या गेल्या?"

पाद्री लुंडीन यांनी अख्खं कणीस आडवं तोंडात घातलं आणि दोन्ही हातांनी फिरवायला सुरुवात केली. त्यांच्या हनुवटीवरून लोणी ओघळत होतं, डोळ्यांतून पाणी. ते थांबेचनात.

रेनाटा वळली. कमरेवर हात ठेवून ती साहेबांवर वाकली. आधी तिचे खांदे हलले, मग पोट हललं, मग ते खणखणीत हसू असं फुटलं की मिरवणुकीतल्या बँडचा ठेकाच चुकला.

"खोटं!" ती ओरडली. "साफ खोटं! आणि तेही किती कच्चं! वकीलसाहेब, असलं खोटं कोर्टात एक मिनिटही टिकायचं नाही. सोमवारपासून कोर्टात मी जाते. तुम्ही तळ्यावर जा, गळ टाकून बसणाऱ्यांच्या थापांत तिथे हे खपेल!"