फायरचं बटण

गुरुवारची सुट्टी म्हणजे चाकणला झोपून काढायचा दिवस. पण धनेश सकाळी उठल्या उठल्या खोलीत येरझाऱ्या घालू लागला. उद्या त्याचा रूम पार्टनर ज्योतीराम बॅग भरून गावी, औशाला चालला होता, कायमचा. कंपनीत पत्रा कापायच्या प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, त्याला चार महिने झाले. त्याआधी दोघं दर गुरुवारी जुन्या कन्सोलवर बंदुकांचा गेम खेळायचे, एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करत. आता कन्सोल बंद पडला होता आणि ज्योतीरामचं बोलणंही. जाण्याआधी गड्यानं एकदा तरी पूर्वीसारखी शिवी हासडावी, एवढंच धनेशला हवं होतं.

म्हणून तोच गेम त्यानं पीसीवर एम्युलेटर, म्हणजे कन्सोलची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, टाकून चढवायला घेतला. काय ते नखरे! आधी पडदा काळा, मग चित्र आलं तर आवाज फाटका, मग शत्रू तिसऱ्या शिफ्टहून सुटलेल्या माणसासारखा पाय ओढत चाललेला. सेटिंगशी झटून दुपारी एकदाचा गेम पळायला लागला. राहिला प्रश्न बोटांचा. गोळी झाडायचं बटण कंट्रोलरच्या उजव्या कडेला, आणि तिथं पोचणारं बोटच नाही. पण धनेश पडला मेंटेनन्सचा फिटर! भंगारातलं पायाचं पॅडल त्यानं आणूनच ठेवलं होतं. जुना कीबोर्ड उघडून एका बटणाच्या वायरी पॅडलला जोडल्या, एम्युलेटरमध्ये त्याच बटणावर फायर लावलं. स्वतःवरच खूश झाला लेकाचा.

"भावा, बस. हातानं पळव, पायानं हाण."

"कशाला करायलास हे?" म्हणत ज्योतीराम बसला. अंगठ्यानं नेम धरला, पाय पॅडलवर टेकवून दाबला. खट्!

पडद्यावर गोळी सुटली आणि ज्योतीरामचे दोन्ही हात वर उडाले. कंट्रोलर फरशीवर आपटला. उजवा हात छातीशी घट्ट धरून तो पॅडलकडं बघत राहिला.

धनेशच्या आत्ता ध्यानात आलं. अरे देवा, काय करून बसलो मी! प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात आत राहत नाही. त्यात वेळ जातो म्हणून सुपरवायझरनं ती काढून पॅडल बसवायला सांगितलं, आणि ज्योतीरामच्या प्रेसवर ते बसवलं होतं धनेशनं. चार महिने हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. एम्युलेटरमध्ये फायर डाव्या हाताला द्यायला पाच मिनिटंही लागली नसती. पण त्याला सुचलं ते पॅडलच.

"तिकडचं पण तूच बसवलं होतंस ना?" ज्योतीरामनं विचारलं.

धनेशनं मान हलवली. "होय."

 ज्योतीरामनं वाकून कंट्रोलर उचलला.

"काढ ते आधी, हरामखोरा," तो म्हणाला. "डावीकडं दे बटण. हळू झालं तरी चालंल. आज कुणाचं टार्गेट न्हाई."

हवी ती शिवी मिळाली होती. धनेश खाली बसून पॅडलच्या वायरी सोडवू लागला, पण त्याला मान वर करवेना.