मोहाखालचा वर्ग

मी मोह बोलतोय, दिग्रसजवळच्या एका शेताच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा. परवा पहाटे वीस माणसं माझ्याखाली डोळे मिटून बसली होती. म्हणे, झाड काय सांगतं ते ऐकायचं. ‘उठा, उठा’ एवढंच मी सांगत होतो. एकालाही ऐकू गेलं नाही.

मला कुणी लावलं नाही. या शेताची मालकीण लालीबाई, तिच्या आजेसासूनं धुरा साफ करताना मला तेवढं राखलं. तेव्हापासून या घरच्या बायका माझी फुलं वेचतात. चैत्रात पहाटेच फूल गळायला लागतं; ऊन चढायच्या आत वेचायचं. त्यासाठी लालीबाई आदल्या दिवशीच पाचोळा झाडून ठेवते. यंदा गारपिटीनं पहिला बहर झोडपून काढला. उरलेल्या फुलांचे लाडू तिला लेकीसाठी, नलूसाठी करायचे होते. नलू नुकतीच बाळंत झालीय.

आणि लालीबाईच्या नवऱ्यानं, रामसिंगनं, यवतमाळच्या अवधूत सरांना खुशाल ‘या की’ म्हणून सांगितलं! फुलं वेचायला हा माणूस कधी वाकलेला नाही, त्याचं काय जातंय? सर कॉलेजात बिझनेस शिकणाऱ्या मुलांना ‘निसर्गातून नेतृत्व’ शिकवतात. झाडलेली जागा दिसली, घातल्या सतरंज्या.

लालीबाई टोपलं घेऊन आली आणि थबकलीच.

“ओ सर, उठवा ना पोरायले! फुलावर बसून राह्यले ते.”

“मावशी, हळू. मुलं निसर्गाशी एकरूप होताहेत.”

“होऊ द्या ना. पन आंदी बुडं उचला म्हना. माह्या नलूचे लाडू हायेत ते.”

“आज निसर्गाला हात लावायचा नाही, असा नियम आहे, मावशी.”

हात लावायचा नाही, बसलेलं मात्र चालतं! वैतागून मी आणखी फुलं टाकली. त्यातलं एक सुरभी नावाच्या मुलीच्या नाकावर आपटलं. तिनं एक डोळा उघडला.

“पाहून काय राह्यली, माय? वेच,” लालीबाई म्हणाली.

सुरभी उठली. तिच्यामागून आणखी दोघं उठली.

“चिरडलेलं नोको घेऊ, आंबते ते. ए चष्मेवाल्या, तू तिकून ये. अन् सतरंजी झटकू नोको रे बाप्पा, फुलं हायेत तिच्यात!”

बघता बघता दहा जण वाकले. सर पाठ करून सोबत आणलेल्या फळ्यावर ‘नेता कोण?’ असं लिहीत होते. लिहून झालं आणि त्यांनी शिट्टी वाजवली. पोरं हातातली फुलं टोपल्यात टाकून पळाली. टोपलं अर्धंच भरलं होतं. बाकीच्या फुलांचा सतरंज्यांखाली चिखल झाला होता. लालीबाईनं तो बोटानं चाचपून पाहिला, पदराला हात पुसले आणि घरी गेली.

जाताना सरांनी माझ्या खोडात खिळा ठोकून एक पाटी लावली. ‘संयम शिकवणारा गुरू.’

पुढच्या चैत्रात जरूर या. रामसिंगला नाही, लालीबाईला विचारून या. येताना टोपल्या आणा, आणि ही पाटी तेवढी काढून न्या. मी संयमी नाही हो. मला फक्त उठून जाता येत नाही.