मी दुसऱ्यांदा ऑफिस होणार नाही

मित्रांनो, माझ्या खणात एक पत्र सव्वा महिना उत्तरावाचून पडून होते. पत्र गौरेशच्या नावाचे होते, पण रोज ते माझ्याच पोटात असल्यामुळे लाज मला वाटायची. कोणी खण ओढला की वाटे, आज उत्तर लिहिले जाणार. मग चार्जर बाहेर निघे आणि खण बंद होई.

मी एक जुने मेज आहे. तुम्ही टेबल म्हणता. गोव्यात डिचोलीला एका घराच्या जेवणाच्या खोलीत माझी जागा आहे. मला बोलायची सवय नाही. आयुष्यभर माझ्यावर कागद आणि पुस्तके पडून राहिली, त्यामुळे वाचन थोडे झाले, धीटपणा मात्र आला नाही. सांगताना एखादी गोष्ट मागेपुढे झाली तर सांभाळून घ्या.

चाळीसेक वर्षांपूर्वी रघुनाथ मेस्त नावाच्या सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवले. एका खाण कंपनीने त्याला अकरा मेजे सांगितली होती. दहा झाली आणि लाकूड कमी पडले, म्हणून अकरावा मी वीतभर आखूड झालो. आखूड मेज कोणत्याही साहेबाला नको होते. मी मधुकर नावाच्या कारकुनाच्या वाट्याला आलो. हे माझे भाग्य होते, पण ते कळायला मला बरीच वर्षे लागली.

मधुकर माझ्यासमोर बसून बार्जांची, म्हणजे नदीतून खनिज नेणाऱ्या सपाट बोटींची, नोंद ठेवत असे. कुठली बार्ज किती माल घेऊन वास्कोच्या बंदराकडे निघाली, हे त्याच्या बारीक अक्षरात लिहिलेले असे. सकाळी साडेआठला तो खण उघडायचा आणि संध्याकाळी साडेपाचला पेनाला टोपण लावायचा. एखादे वाक्य अर्धे राहिले तरी लावायचा. त्यानंतर सकाळपर्यंत खोलीत मी आणि एक पाल, दोघेच असू. मित्रांनो, मी साधे लाकूड, पण ते तास माझे होते. त्या वेळी मी कोणाच्याही उपयोगाचा नव्हतो आणि मला फार बरे वाटे.

मधुकरचे मूळ गाव पेडणे तालुक्यातले कोरगाव. तिथल्या देवळात श्रावणात भजनी सप्ताह बसतो. सात दिवस, सात रात्री भजन अखंड चालते. प्रत्येक घराला दोन तासांचा पहारा वाटून दिलेला असतो. पहाऱ्याचा नियम एकच, टाळ थांबता कामा नये. पुढच्या घराचा माणूस येऊन टाळ हातात घेतो, तेव्हाच आधीचा उठतो. मधुकरच्या घराचा पहारा सप्ताहातल्या एका दिवशी, दुपारी चार ते सहा. त्या दिवशी तो दोन वाजता खण बंद करी आणि बस धरी. एका वर्षी वास्कोहून तातडीचा फोन आला, म्हणून मॅनेजरने त्याच्यामागे जीप पाठवली. मधुकरने देवळातूनच जीप परत पाठवली. पहारा संपला की येतो, असा निरोप दिला आणि साडेसातला येऊन काम पुरे केले. हे मला ड्रायव्हरच्या तोंडून कळले. कदाचित जीप दुसऱ्या कोणासाठी गेली असेल, ड्रायव्हर थोडे वाढवून सांगत असेल. पण दुसऱ्या वर्षी जीप गेली नाही, एवढे मला पक्के आठवते.

मग खाणी बंद पडल्या. ऑफिसातले सामान विकायला काढले, तेव्हा मधुकरने मला मागून घेतले आणि टेंपोत घालून घरी आणले. त्याने माझा पृष्ठभाग स्वतः घासला. शाईचे डाग गेले, दोन राहिले. तो मला म्हणाला, "तूही सुटलास, मीही सुटलो. आता इथे फक्त जेवण."

त्या दिवशी माझ्यावर पहिल्यांदा माशाची कढी सांडली. तुम्ही हसाल, पण मला तो मान वाटला. सकाळी पोदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, गरम उंडे माझ्यावर येत, गणेशचवथीला नेवऱ्या, म्हणजे करंज्या, माझ्यावर भरल्या जात. मधुकरची बायको सुमंगला आल्यागेल्याला सांगायची, की हे मेज ऑफिसातले आहे, पण घरात चांगले रुळले. सहा वर्षांनी मधुकर गेला. त्याची खुर्ची भिंतीला लागली. मी तसाच जेवणाचा राहिलो.

आता त्याच्या मुलाबद्दल, गौरेशबद्दल. गौरेश जवळच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत आहे. ट्रकांतून बाहेर जाणाऱ्या मालाची कागदपत्रे तो बघतो. टाळेबंदीत सगळे घरी बसले, तेव्हा त्याचा लॅपटॉप माझ्या एका कोपऱ्यावर आला. कोपरा मी आनंदाने दिला. अडीअडचणीला कोण नाही म्हणणार? पण लॅपटॉपमागून वायर आली, मग फायली, मग प्रिंटर. टाळेबंदी उठली, कंपनीने सर्वांना परत बोलावले, गौरेश रोज नऊ ते सहा तिथे जाऊ लागला. मला वाटले, सुटलो. पण लॅपटॉप रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर घरी येतच राहिला. रविवारी तर तो सकाळीच उघडा असे.

जेवण माझ्यावरून उठले. सुमंगला स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवू लागली. गौरेशची बायको समीक्षा आरोग्य केंद्रात नर्स आहे, ती ताट हातात घेऊन उभ्यानेच जेवायची. गौरेश पडद्याकडे बघत काय खायचा, ते त्यालाही कळत नसावे. मला कोणी पुसेनासे झाले. मी निवृत्त झालो होतो, मित्रांनो. ऑफिस मला शोधत घरापर्यंत आले.

गेल्या वर्षीच्या सप्ताहात त्याची फळे दिसली. कोरगावला मधुकरचे थोरले भाऊ गोकुळदासकाका असतात. ऐंशी उलटली, आवाज बसला, म्हणून पहारा धरायला त्यांनी गौरेशला बोलावले. गौरेश गेला, चारला त्याने टाळ घेतला. वीस मिनिटांनी खिशातला फोन थरथरला. पाच मिनिटांत येतो, असे खुणेने सांगून तो काकांच्या हातात टाळ देऊन बाहेर गेला, आणि देवळाच्या पायऱ्यांवर बसून दीड तास बोलत राहिला. काका घोगऱ्या आवाजात एकटेच गात राहिले. शेवटी आधीच्या पहाऱ्याचा हरी चहा टाकून परत आला आणि त्याने टाळ सावरला.  हे सगळे सुमंगलाने माझ्यासमोर बसून समीक्षाला सांगितले, तेव्हा गौरेश मान खाली घालून टाईप करत होता.

यंदा जूनमध्ये पत्र आले. काकांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून ते लिहितात. पत्र लहान होते. "चि. गौरेश, गेल्या वर्षी तू आलास, पण पहाऱ्याला तू नव्हतास. यंदा येणार असशील तर पुरता ये. येणार नसशील तर तसे लिही, मी पहारा हरीच्या घराला देईन. मला दोन्ही चालेल. अर्धे चालणार नाही. नागपंचमीच्या आधी कमिटीला सांगायचे आहे."

आजोबांच्या आजोबांपासून त्या घराकडे असलेला पहारा जाणार की राहणार, एवढेच त्या कागदात होते. गौरेशने उत्तर लिहायला तीनदा घेतले. एकदा "ती. काकांस" एवढे झाले आणि फोन आला. एकदा तारीख झाली. तिसऱ्यांदा तो पेन धरून नुसता बसला. मी खालून बघत होतो. येतो असे लिहायला तो घाबरत नव्हता. दोन तास आपले आहेत, असे वचन देण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही, हेच त्याला ठाऊक नव्हते.

जुलैचा शेवटचा रविवार आला. सुमंगलाने बांगड्याची कढी केली होती. गौरेश मीटिंगमध्ये होता. सीमेवरच्या नाक्यावर एक ट्रक कागदावाचून अडला होता. सुमंगला कढईच घेऊन आली, लॅपटॉप कोपराने सरकवला आणि गरम कढई माझ्यावर ठेवली. खाली फडकेसुद्धा घातले नाही. मला चटका बसला. किती वर्षांनी बसला.

लॅपटॉपमधून गौरेशच्या साहेबाचा, सर्वेशचा आवाज आला, की अजून पाचच मिनिटे. सुमंगला पडद्याजवळ वाकली.

"कोण बोलता?"

"आई, साहेब आहेत," गौरेश पुटपुटला.

"साहेब काय? बरां. जेवलस काय रे बाबू?"

लॅपटॉपमधला आवाज खाली आला. "नाही अजून, आजी."

"अडीच वाजले. तुजी आवस खंय असता?"

"आई? ती फोंड्याला असते."

"मगे तिका फोन कर. हेका सोड. भात निवता."

समीक्षाने तोंडावर हात धरला. सर्वेशही थोडा हसला असावा. माणूस वाईट नव्हता, त्याच्यामागेही कोणीतरी लागलेलेच होते. पण कॉल बंद करण्याआधी तो मुद्द्यावर आला. ऑगस्टच्या दुसऱ्या बुधवारी चार वाजता मोठी मीटिंग होती. नेमका तोच पहाऱ्याचा दिवस. गौरेशने रजा घेतली तरी फोनवर राहावे, असे त्याने सांगितले. बढतीच्या यादीत गौरेशचे नाव आहे, ते खोडायची वेळ आपल्यावर आणू नये, असेही म्हणाला.

पडदा काळा झाला. गौरेश ताटावर बसला, पण घास उचलेना. समीक्षा त्याच्याशी भांडली नाही. तिने एकच विचारले.

"माझी ड्यूटी संपली की दुसरी नर्स येते. मी तिला पेशंट सांगते आणि निघते. तुझी संपली की कोण येतो?"

"कोणी नाही."

"मग ती संपते कधी?"

 गौरेशने माझा खण ओढला. पावसाने लाकूड फुगले होते, खण अडला. त्याने दोन्ही हातांनी हिसका दिला, पत्र काढले आणि मोठ्याने वाचले. "अर्धे चालणार नाही" हे वाक्य त्याने दोनदा वाचले. मग त्याने हात धुतला आणि स्वतःच सर्वेशला फोन लावला.

"सर, त्या बुधवारी मी नाही. दोन ते आठ. फोनवरही नाही."

पलीकडचे मला ऐकू येत नव्हते. गौरेशने सांगितले, की संतोषला सगळे काम लिहून देतो. हा संतोष त्याचा कंपनीतला सोबती, कोल्हापूरकडचा. चैत्रात गावच्या जत्रेला गेला होता, तेव्हा त्याचे काम गौरेशने बघितले होते. संतोषचे जे अडेल ते आठपर्यंत थांबेल, असेही गौरेश म्हणाला. मग साहेबाने बढतीच्या यादीची आठवण करून दिली असावी. 

"यादी तुमच्याकडे आहे, सर. पहारा माझ्याकडे आहे." मग विचार कर, असे पलीकडून म्हटले असावे. "विचार सव्वा महिना केला. हे त्याचंच उत्तर."

त्याने फोन माझ्यावर पालथा ठेवला. सुमंगला त्याच्या ताटातला गार भात काढून गरम वाढत होती.

जेवण झाल्यावर माझ्यावरचे काटे, शिते पुसून त्याने निळा कागद पसरला. अक्षर वाईट होते, टाईप करून करून हात बिघडलेला. पण मजकूर मी अक्षरन् अक्षर वाचला, तो माझ्यावरच दाबून लिहिला जात होता. "ती. गोकुळदासकाकांस सा. न. मी येतो. चारला टाळ घेईन आणि सहाला पुढच्या घराच्या हातात देईन. फोन डिचोलीला घरी ठेवून येईन. मागच्या वर्षीबद्दल माफी मागतो. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दलही. तुमचा गौरेश."

मित्रांनो, मी उपदेश करायला संकोचतो. यादीत गौरेशचे नाव राहील की जाईल, मला सांगता येत नाही. गेले तर घरात थोडे अवघड होईल. माझी चूकही असेल, जुन्या लाकडाला नव्या कामाचे काय कळते, असे तुम्ही म्हणाल. तरी एका गोष्टीवर मी हटणार नाही. मी वीस-पंचवीस वर्षे ऑफिसचा होतो आणि मन लावून होतो. पण साडेपाचनंतर मी कोणाचा नव्हतो, म्हणूनच सकाळी साडेआठला मी पुन्हा कामाचा असे. तुमच्या घरी माझ्यासारखे मेज असेल, तर त्याच्यावर रोज एकदा तरी ताटे मांडा, आणि ताटे मांडली की बाकीचे उचला. तुमचे आईबाबा उचलत नसतील, तर तुम्ही उचला. ते रागावतील. रागावू द्या. मी तर ठरवले आहे, माझ्यावर कढईचे चटके पडोत, वाळवी लागो, पण मी दुसऱ्यांदा ऑफिस होणार नाही.

गौरेश पत्र घेऊन निघाला. आज रविवार, टपाल उद्या सकाळी निघेल, असे समीक्षा म्हणाली. तो म्हणाला, "उद्या हात मागे येईल. आत्ताच टाकतो." फोन माझ्यावरच राहिला. तो कोपऱ्यावरून वळला असेल नसेल, तोच फोन थरथरू लागला; पालथा पडदा माझ्याकडे होता, त्यावर नाव सर्वेशचे होते. एकदा थांबला, पुन्हा लागला. तिसऱ्यांदा सुमंगलाने ओला हात पदराला पुसून तो उचलला.

"गौरेश घरात नाय," ती म्हणाली. "टपाल टाकूक गेलो हा." त्याचे नक्की ठरले का, असे पलीकडून विचारले गेले असावे. तिने दाराकडे पाहिले. गौरेश रिकाम्या हातांनी फाटक उघडत होता.

"होय तर," ती म्हणाली, "पडलां पेटीत."