रेवतीचा हात

हृदयाच्या ऑपरेशनला भूल देण्यात नोएडातल्या त्या हॉस्पिटलात डॉक्टर उल्काचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग पुण्याहून भूलतज्ज्ञ रेवती आली आणि सर्जन धवल रोज विचारू लागले, "आज रेवती है क्या?" तेव्हापासून उल्काचा जळफळाट होत होता.

त्या सकाळी टेबलावर भानुमतीबाई होत्या. आतला दाब मोजायला मानेच्या शिरेतून लांब नळी हृदयाच्या उजव्या बाजूने फुफ्फुसाच्या धमनीत न्यायची होती. नळीच्या टोकाशी चिमुकला फुगा असतो, तो रक्ताच्या ओघाबरोबर पुढे वाहत जातो. पण बाईंचं हृदय ताणून मोठं झालेलं, झडप गळकी, ओघ मंद. नळी खालच्या कप्प्यातच वेटोळं घालून बसायची. उल्काने फुगा रिकामा करून ती मागे घेतली, पुन्हा सोडली. पुन्हा तेच. बाईंचे ठोके अडखळू लागले तशी ती थांबली. हृदयाला जोर देणारं औषध सुरू केलं, टेबल डोक्याकडून उचलून उजवीकडे कलतं करून घेतलं.

"रेवती को बुला लो," धवल म्हणाले.

"सर, दवा का असर तो होने दीजिए."

तोवर रेवती हातमोजे चढवून आलीच. तिने नळी सोडली, पडद्यावरची दाबाची रेघ बदलली, आणि पहिल्याच खेपेला नळी धमनीत.

"क्या हाथ है," धवल म्हणाले. उल्का औषधाच्या पंपाकडे बघत राहिली.

ऑपरेशन नीट पार पडलं. कपडे बदलताना रेवती म्हणाली, "उल्काताई, ओघ तुमच्या औषधाने सुधारला होता. आधी आले असते तर माझीही नळी अडकली असती. धवल सरांना सांगितलं मी."

"काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, बहुत मॉडेस्ट हो."

ही निदान उर्मट तरी असती, उल्काला वाटलं. मनसोक्त राग तरी करता आला असता.

"तुझा हात चांगला आहे," ती कशीबशी म्हणाली.

मयूर विहारकडे जाणाऱ्या मेट्रोतही तिचं मन तिथेच घुटमळत होतं. औषध की हात? पुढच्या वेळी असाच पेशंट आला तर औषध न देताच रेवतीला पुढे करावं, मग कळेल, असं तिच्या मनात आलं. पुढच्याच क्षणी तिला स्वतःची भीती वाटली.