ग्लेनिसच्या फ्रिजवरच्या लाल फुल्या

मी तीस वर्षं लीड्समध्ये बसची तिकिटं तपासली. माणूस सीटवर कसा बसलाय एवढ्यावरून ओळखायचो की हा फुकट्या आहे. त्यामुळे ग्लेनिसच्या फ्रिजवर ते कॅलेंडर दिसलं तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं ते सांगायलाच नको.

ग्लेनिस म्हणजे समोरच्या चौदा नंबरवाली. वीस वर्षं स्पेनमधल्या या गावात आहे. सप्टेंबरात तिनं मला गॅसचं सिलिंडर बदलायला बोलावलं होतं. कॅलेंडरवर तीन ऑगस्टपासून रोजची एक लाल फुली, आणि वर ठसठशीत अक्षरात 'रॉडनी'. तीन ऑगस्टलाच मी इथे उतरलो होतो.

"हे काय गं?"

"ते होय? असंच," म्हणाली, आणि कॅलेंडरच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

असंच! 'असंच' म्हणणारे हजार बघितलेत मी.

आमचा देश युरोपच्या संघातून बाहेर पडला (मत मीही दिलं होतं, बोला आता!) तेव्हापासून आम्हा ब्रिटिशांना इथे स्वतःचं घर असूनही एकशेऐंशी दिवसांत नव्वदच दिवस राहता येतं. विमानतळावरचं नवं यंत्र म्हणे बोटांचे ठसे घेतं आणि आपलं आपण मोजतं. जास्त राहिलात तर दंड, नाहीतर सरळ प्रवेशबंदी. बारमध्ये आम्ही सगळे म्हातारे एकमेकांचे दिवस मोजत बसतो. कोण कुणाची चुगली करेल, नेम नाही.

आणि मला एक नोव्हेंबर गाठायचाच होता. त्या दिवशी अख्खं गाव दफनभूमीत जमतं. पाद्री वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतो, आणि नाव आलं की घरचं माणूस मेणबत्ती घेऊन पुढे होतं. माझी ऑड्री मार्चमध्ये गेली. तिच्याच हट्टावरून तिला इथल्या दफनभूमीच्या भिंतीतल्या कप्प्यात ठेवलं, इथे तसंच पुरतात. आम्हाला मूलबाळ नाही. मी नसलो तर तिचं नाव नुसतं वाचलं जाणार, कुणी हलणार नाही, आणि पाद्री पुढच्या नावाकडे वळणार. ते मला सहन झालं नसतं.

हिशेब मी चोख केला होता. बरोबर नव्वद रात्री, एक तारखेला सकाळी मेणबत्ती आणि संध्याकाळचं विमान. मधे काडी घालणारी एकच, ही फुल्यावाली. पोलिसांच्या कानाला लागून माझे दिवस वाढवून सांगितले आणि त्यांनी आधीच हाकललं, तर?

मग मीच आधी वार केला. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये चिठ्ठी लिहिली, 'चौदा नंबरची इंग्रज बाई वर्षभर इथेच राहते, तिचे दिवस मोजा.' खाली नाव नाही. गावच्या पोलीस चौकीच्या पेटीत टाकली. दोनदा पेटीपासून परत फिरलो, खोटं कशाला बोलू? पण टाकली.

चार दिवसांनी पोलीस विसेंत तिच्या घरात शिरला. मी खिडकीच्या पट्ट्यांतून बघत होतो. वीस मिनिटांनी तो बाहेर आला तो केकचा तुकडा चघळत! मिळालेत दोघं, म्हटलं. त्या आठवड्यात तिनं तीनदा माझं दार ठोठावलं. मी श्वास रोखून आत बसून राहिलो.

एकतीस ऑक्टोबरला सकाळी दाराखालून कागद सरकला. 'रॉडनी, दार उघडू नकोस हवं तर, पण मोज. आल्याचा दिवस धरतात, जायचाही धरतात. तुझा नव्वदावा दिवस आज आहे.'

पासपोर्ट काढून शिक्का बघितला. बोटांवर मोजलं, मग कागदावर, मग पुन्हा बोटांवर. मी रात्री मोजल्या होत्या, हॉटेलात मोजतात तशा. सरकार दिवस मोजतं.

दार उघडलं. ती पायरीवरच बसली होती.

"मेल्या, आत मेलास की काय वाटलं मला!"

"ग्लेनिस, तू माझे दिवस..."

"ऑड्रीनं सांगितलं होतं हॉस्पिटलात. म्हणाली, हा जगाची तिकिटं तपासेल, स्वतःचं बघायचा नाही. लक्ष ठेव."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू ऐकून घेतोस कुणाचं? म्हटलं, जवळ आलं की सांगू."

"आणि तुझे दिवस?"

"मला कुठले दिवस? माझी आजी आयर्लंडची. तो पासपोर्ट आहे ना माझ्याकडे, आयर्लंड अजून संघातच आहे. विसेंतला तोच दाखवला. कुणीतरी चिठ्ठी टाकली होती रे माझ्याविरुद्ध." ती पायरीवरून उठली. "वीस वर्षं राहिले इथे."

मी खाली बघितलं.

"एका दिवसानं काय होतंय?" मी म्हणालो. "उद्या ऑड्रीचं नाव आहे."

"आणि बंदी घातली म्हणजे? वर्षानुवर्षं तिच्याकडे जाणार कोण? आज रात्रीच्या आत नीघ. मेणबत्ती मी धरते."

मी निघालो. विमानतळावरचं यंत्र गप्प राहिलं.

दुसऱ्या दिवशी लीड्सच्या स्वयंपाकघरात फोन वाजला. "ऐक," एवढंच म्हणाली ग्लेनिस. पाद्र्याचा आवाज आला, त्यानं आमचं आडनाव पार मोडून काढलं. मग खडीवर तिची पावलं वाजली. मी उभा राहिलो होतो, आणि रडत होतो.

"झालं बाबा," ती कुजबुजली. "नीट पेटली." मग जरा थांबून म्हणाली, "फेब्रुवारीत आलास की एक काम करू. ती चिठ्ठी विसेंतनं मला दिलीय. अक्षर कुणाचं ते शोधू. अजून कुणालाच दाखवली नाही. इथे कुणावर भरवसा ठेवावा तेच कळेनासं झालंय, तू सोडून."

मी खाली बसलो.

"रॉडनी? गेलास की काय?"

"नाही," मी म्हणालो. "ऐकतोय."