स्वगत, पान बेचाळीस

व्याख्या करावी ती बाईंनीच, असं शाळेच्या शिक्षकखोलीतसुद्धा म्हणत. एकतीस वर्षं भाषा शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी साहित्यप्रकार आणि साहित्यातल्या संज्ञा समजावणारं एक छोटेखानी पुस्तक लिहिलं, आणि ते असं काही खपलं की गाइडं छापणाऱ्यांच्या पोटात दुखायला लागलं. गुपित एकच होतं: बाई उदाहरणं उसनी घेत नसत. शोकांतिका म्हणजे काय, उपरोध कशाशी खातात, नाट्यछटा आणि एकांकिका यांत फरक कोणता, हे सगळं त्या घरातल्या आणि पोस्टाच्या रांगेतल्या बोलण्यातून सांगत. उपरोधाचं उदाहरण तर थेट नवऱ्याचंच होतं: "वा! भाजी इतकी सुंदर झालीय की मीठसुद्धा लाजून बाहेरच थांबलं." नवरा घरीच खिडकीपाशी बसून घड्याळं दुरुस्त करायचा. पुस्तकात वाक्य आलं आणि नाव आलं नाही, म्हणून तो दोन दिवस रुसला होता.

स्वगतापाशी मात्र बाईंचं घोडं अडलं होतं. व्याख्या झाली होती: रंगमंचावर इतर पात्रं हजर असूनही त्यांना ऐकू न जाणारं, फक्त प्रेक्षकांना ऐकू जाणारं पात्राचं बोलणं. उदाहरण काही सुचेना. चौथ्या दिवशी दुपारी, नवरा वामकुक्षी घेत असताना, त्यांनी मनाचा हिय्या केला आणि चौदा वर्षं घशात अडकून बसलेलं वाक्यच कागदावर उतरवलं. 'तुझी वही मी वर्गात वाचायला नको होती. चुकलं माझं.' लिहिलं आणि कसं हलकं हलकं वाटलं. कुणाला कळणार होतं?

कळण्यासारखं होतं ते फक्त त्यांच्या मुलीला. ती बाईंच्याच वर्गात होती, तिसऱ्या बाकावर. तिच्या दप्तरात बाईंना एक वही सापडली आणि त्यांनी ती वाचली. लाल शाई हातात होतीच. 'आई घरात असली की मला श्वास घेता येत नाही' या वाक्याखाली त्यांनी रेघ ओढली, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ते मोठ्याने वाचून फळ्यावर लिहिलं. वर शीर्षक दिलं: अतिशयोक्ती. नाव सांगितलं नाही. वर्ग खो खो हसला. इतर मुलींसारखंच तिनेही ते फळ्यावरून उतरवून घेतलं, वळणदार अक्षरात. त्यानंतर तिने पुन्हा काही लिहिल्याचं कुणी पाहिलं नाही, आणि अठरावं लागताच ती घर सोडून गेली. महिन्याला फोन यायचा. तब्येत बरी, काम बरं, हवा बरी.

तोच फोन या वेळी वेगळा होता. परदेशी नोकरी लागलीय, परत कधी येईन ठाऊक नाही, शनिवारी दुपारी भेटून जाते, पाचची बस आहे. बाईंनी ठरवलं, आता नाही तर कधीच नाही.

शनिवारी सकाळी त्यांनी नवऱ्यासमोर तालीम केली. "अहो, तिला असं म्हणू का, ऐका," म्हणाल्या आणि वाक्य म्हटलं.

नवऱ्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. "म्हण की."

"म्हटलं ना आत्ता!"

"नुसते ओठ हलले गं. घसा बसलाय तुझा."

"घसा बसला असता तर हे ऐकू आलं असतं का तुम्हाला?"

"हे आलं," तो म्हणाला आणि पुन्हा घड्याळात शिरला.

बाईंनी तीनदा म्हटलं. शब्द फिरवून पाहिले, 'माफ कर मला' म्हणून पाहिलं. अर्थ तोच असला की नवरा कोऱ्या चेहऱ्याने वाट बघत राही. तिसऱ्या वेळी पुस्तकांच्या कपाटामागच्या भिंतीतून कुणीतरी खोकलं. बराच वेळ दाबून धरलेला असावा, असा तो खोकला होता. त्या भिंतीपलीकडे काही नव्हतं. घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि त्या बाजूला नुसतं आकाश.

बाईंना आपलीच व्याख्या आठवली: फक्त प्रेक्षकांना ऐकू जाणारं. त्यांनी छापखान्यात फोन लावला.

"पान बेचाळीस. स्वगताचं उदाहरण काढून टाका."

"बाई, जीव घेता का आता?" छापखानेवाले म्हणाले. "दुसरी आवृत्ती कालच बांधणीला गेली. आणि काढायचं तर तेच? अहो, शाळाशाळांतून पोरं घोकतात ते. परीक्षेला हमखास येतं."

मुलगी तीन वाजता आली. खुर्चीच्या कडेवर बसली, पर्स मांडीवर धरून, दवाखान्यात नंबर यायची वाट बघावी तशी. बापाशी थोडं हसली. पासपोर्टच्या फोटोत चष्मा काढायला लावतात, असं काहीबाही सांगत राहिली. बाईंनी चहाचा कप पुढे केला आणि कप तिच्या हातात जाईपर्यंत थांबून वाक्य म्हटलं, सगळं, शेवटच्या 'माझं'पर्यंत.

"साखर कमी घातलीस ना?" मुलीने विचारलं.

बाईंनी पुन्हा म्हटलं. मग ओरडून म्हटलं. मानेच्या शिरा ताठल्या, आणि मुलगी चहा फुंकत राहिली. कपाटामागे खुर्च्या करकरल्या, माणसं पुढे सरकून बसल्यासारख्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, असं बाईंना वाटलं, आणि रडूच आलं. त्यांनी घड्याळाची एक पावती ओढली, पाठीमागे ते वाक्य लिहिलं आणि मुलीसमोर धरलं.

मुलीने वाचलं. "स्वगताचं उदाहरण ना? वाचलंय मी पुस्तक. छान जमलंय."

"उदाहरण नाही गं ते!"

हे तिला ऐकू गेलं. तिने झटकन वर पाहिलं, तिसऱ्या बाकावरून बघायची तशी. "मग काय आहे, आई?"

बाईंनी सांगितलं. जीव तोडून सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. मुलगी वाट पाहत राहिली. थोड्या वेळाने तिने नजर खाली घेतली, पावतीची चार घड्यांची घडी केली आणि कपाखाली ठेवली. "जाऊ दे. बस चुकेल माझी."

बाईंना श्वास पुरेना. खिडकी उघडी होती, पंखा चालू होता, आणि तरी छातीत हवा जाईना. ती अतिशयोक्ती नव्हतीच. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर शीर्षकच चुकीचं दिलं होतं.

दारात मुलीने बूट घातले, बापाच्या पाठीवर हात ठेवला. मग जाता जाता थांबली. आईकडे नाही, पुस्तकांच्या कपाटाकडे तोंड करून उभी राहिली. तिचे ओठ हलले. एखाद्या शब्दापुरते नाहीत. चांगली तीन-चार वाक्यं होती, मध्ये एकदा तिने आवंढाही गिळला. बाई दोन पावलांवर होत्या. त्यांना अक्षरही ऐकू आलं नाही.

"काय म्हणालीस गं?"

"मी? कुठे काय."

ती जिना उतरू लागली. कपाटामागच्या भिंतीपलीकडे कुणीतरी रडायला लागलं होतं.