तिसऱ्या रांगेतला आवाज

कुलूपनं बुटाची नाडी करकचून आवळली आणि तोंड बंद ठेवण्यात आपला फायदा किती, याचा आणखी एकदा हिशेब केला. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी स्वरतंतूवरच्या गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. रिपोर्ट उद्या सकाळी कळणार होता. तोवर, आणि नंतरही काही दिवस, एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. "पळायचंय तर पळा," त्या म्हणाल्या होत्या, "पण आवाज काढलात तर आहे तोही जाईल." म्हणजे गप्प राहिलं की आवाज वाचत होता. शिवाय पुढच्या मोसमाचा करार कुणाला द्यायचा हे ठरवायला आज क्लबचा मॅनेजर स्वतः सामन्याला येणार होता, आणि पस्तिशी ओलांडलेल्या खेळाडूला गुडघा दुखतो म्हणायचीही चोरी असते. घशाची भानगड मॅनेजरच्या कानावर न गेलेलीच बरी. जमेला एक आख्खं वर्ष. खर्चाला काय? कुलूपनं दुसऱ्या बुटाची नाडी ओढली. खर्चाला काहीच दिसेना. बास्केटबॉल खेळणाऱ्याला बोलण्याचा पगार कोण देतो?

कुलूप हे नाव प्रेक्षकांनी ठेवलेलं. त्याच्या नावावर पॉइंट कमीच. पण ज्याला तो धरायचा त्याच्याही नावावर कमी, ही त्याची कमाई. वर्तमानपत्रात त्याचे फोटो पुष्कळ आले होते. सगळे पाठमोरे, कारण कॅमेरा बास्केट टाकणाऱ्याकडे तोंड करून असतो आणि कुलूप त्या दोघांच्या मध्ये. या धंद्यात त्याचं एकच शास्त्र होतं: समोरच्याचा चेहरा बघायचा नाही, कंबर बघायची. चेहरा थापा मारतो, डोळेही थापाच मारतात, हात तर पक्के लबाड. कंबर वळली की मात्र माणूस तिकडेच जातो. सवय अशी जडली होती की घरीही तो कमरेकडे बघूनच बोलायचा.

"वर बघ," बायको म्हणायची. "मी बॉल घेऊन कुठे पळत नाहीये."

आणि बोलायचा तेही जेवढ्यास तेवढं. सामन्याहून परतल्यावर त्याचा घसा बसलेला असायचा, आणि पुढच्या सामन्यापर्यंत तो जपायचा. बायकोनं हे फार मनाला लावून घेतलं नव्हतं, पण सोडूनही दिलं नव्हतं. "कोर्टवर उघडं, घरी बंद," ती म्हणायची. "असलं कसलं कुलूप?" ती स्वतः बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. दिवसभर सगळ्या गावाशी बोलून घरी यायचं आणि घरचा माणूस मान हलवून उत्तर देणार, असा तिचा संसार होता. तरी क्लबच्या मैदानावरचा एकही सामना तिनं चुकवला नव्हता. एका बास्केटच्या मागे, तिसऱ्या रांगेत, कडेची खुर्ची तिची.

सामना सुरू झाला आणि कुलूपचे पाय असे काही चालले की त्याचं त्यालाच नवल वाटलं. समोरच्या संघाचा सगळ्यात तिखट खेळाडू त्याच्या वाट्याला होता. त्याला त्यानं कोपऱ्यात दाबलं, कडेला रेटलं, बॉल हातात आला तरी बास्केट दिसू दिली नाही. आणि तरीही फलकावर समोरच्यांचे पॉइंट वाढतच होते.

ते येत होते दुसरीकडून. बास्केटबॉलमध्ये एक सोपी युक्ती असते. तुम्ही आपल्या माणसामागे पळत असता, नजर त्याच्यावर, आणि त्यांचाच दुसरा एक गडी मुकाट्यानं तुमच्या वाटेत येऊन उभा राहतो. तुम्ही त्याच्यावर आदळता, तुमचा माणूस सुटतो. याला स्क्रीन म्हणतात. ज्याच्यावर ती लागते त्याला ती दिसत नाही. मागच्या कुणीतरी ओरडून सांगावं लागतं. एवढी वर्षं ते कुणीतरी म्हणजे कुलूप होता. "स्क्रीन डावीकडे!" "सोड त्याला, मी आहे!" "मागे बघ, मागे!" सामना संपेपर्यंत त्याच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. ते बोलणं कामात धरायचं असतं हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. घाम जसा येतो तसं ते यायचं.

आज ते येत नव्हतं. संघातला सगळ्यात उंच गडी, ज्याला सगळे उंट म्हणत, तो एकाच स्क्रीनवर तीनदा आदळला आणि तिसऱ्यांदा त्यानं तिला सॉरी म्हटलं.

एकदा तर कुलूपनं आपलं ठेवणीतलं काम केलं. सुसाट येणाऱ्याच्या वाटेत पाय रोवून उभा राहिला, छातीवर धडक घेतली आणि उताणा पडला. असं पडलं की फाउल समोरच्यावर लागतो. पण पंच नुसता बघत राहिला. पडताना निघणारा 'हुं' ऐकून शिट्टी फुंकायची त्याला सवय. जो हूं की चूं न करता पडतो तो पाय घसरूनच पडला असणार, असं त्यानं धरलं.

मध्यंतराला ड्रेसिंग रूममध्ये कुलूप कोपऱ्यात टॉवेल घेऊन बसला. उंट थोडा वेळ घुटमळला आणि शेवटी त्याच्यासमोर उकिडवा झाला.

"दादा, रागावलास ना?"

कुलूपनं मान हलवली. नाही.

"रागावलायस. अरे, ठोकली नव्हती मी तुझी गाडी. नुसती घासली. रंग लावून देणार होतो, खरंच."

कुलूपला गाडी घासल्याचं आज कळत होतं. त्यानं हातानंच जाऊ दे म्हटलं. उंट सुटकेचा श्वास टाकून उठला, तर त्याच्या जागी कप्तान येऊन उभा.

"म्हणजे तुला कळलं तर," कप्तान हळू म्हणाला.

कुलूपनं त्याच्या कमरेकडे पाहिलं. ती दाराकडे वळलेली होती.

"हे बघ, मी मॅनेजरला तुला काढा असं म्हणालो नाही. एवढंच म्हणालो की पॉइंट करणारा कुणी मिळत असेल तर कुलूपच्या जागी बघा. दहा वर्षं एकत्र खेळलोय आपण. पाठीमागे बोललो ते चुकलंच. पण तू असा गप्प बसून पोरांचा जीव काढू नकोस. शिव्या दे पाहिजे तर."

शिव्या चिकार आल्या. कुलूपनं त्या गिळल्या, कारण डॉक्टरीणबाईंनी त्यांना सूट दिलेली नव्हती. त्यानं कप्तानाच्या खांद्यावर थाप मारली, थोडी जोरात. मग टॉवेल तोंडावर ओढून तो तसाच बसून राहिला. खर्चाची बाजू कोरी आहे असं त्याला आता वाटत नव्हतं.

मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात. ज्या बास्केटमागे बायको बसायची, ती आता कुलूपच्या संघाला राखायची होती.

पहिल्यांदाच समोरचे बॉल घेऊन आले, उंट आपल्या माणसामागे धावला, त्याच्या डाव्या अंगाला एक गडी येऊन उभा राहताना कुलूपला दिसला. त्याचं तोंड उघडलं. तिसऱ्या रांगेतून बायको त्याच्याकडेच बघत होती. तिनं तर्जनी उचलून नाकासमोर धरली. कुलूपनं तोंड मिटलं.

"स्क्रीन. डावीकडून," बायको म्हणाली.

ती किंचाळली नाही. बसस्थानकावर, हमालांच्या आणि इंजिनांच्या गोंगाटावरून जो आवाज शेवटच्या फलाटापर्यंत जातो, तो तिनं माइकशिवाय काढला. असल्या आवाजाचं आधी ऐकायचं आणि मग विचार करायचा, ही प्रवासी माणसाची खोड. उंट उजवीकडून वळला, आपल्या माणसासमोर जाऊन उभा राहिला आणि आपण हे कसं केलं म्हणून इकडेतिकडे बघू लागला.

"आता सोड त्याला. तो आहे मागे."

कुलूप खरंच मागे होता. बॉल त्याच्या हातात अलगद आला.

एवढ्या वर्षांत तिनं सामने बघितले असं सगळे समजत होते. ती ऐकत होती. घरी जे कानावर पडत नाही ते इथे पडायचं, म्हणून ती यायची. कोणती हाक कधी पडते, तिच्यामागून कुणाचं नाव येतं, हे तिला गाड्यांच्या वेळांसारखं पाठ झालं होतं. पहिल्यांदा शेजारचे प्रेक्षक हसले. मग ते तिला पुढचं दिसावं म्हणून वाकून बसू लागले. समोरच्यांचा कोच पंचाकडे तक्रार घेऊन गेला.

"साहेब, ती बाई खेळतेय."

पंचानं तिसऱ्या रांगेकडे नजर टाकली. "खुर्चीवर बसून बोलायला बंदी नाही," तो म्हणाला. "तुम्हीपण आणा घरून कुणालातरी."

मागे पडलेले पॉइंट एकेक करून भरून निघाले. शेवटच्या मिनिटांत तिचा आवाज चिरकला, मग फाटला. अखेरची "डावीकडून" नुसतीच ओठांवर दिसली. पण तोवर उंटाला मागे बघायची सवय लागली होती. सामना एका बास्केटनं हातात आला. कुलूपच्या नावावर पॉइंट शून्य.

मॅनेजर ड्रेसिंग रूमबाहेरच्या बोळात भेटला. हातात कराराचे कागद, खिशाला लावलेलं पेन, चेहरा हसरा. कुलूप त्याच्या कमरेकडे बघत होता. ती सरळ त्याच्याकडेच होती. त्यानं पेन घेतलं. तेवढ्यात बायको मध्ये आली. तिच्या घशातून आता नुसती खरखर येत होती.

"सही नंतर. ह्याच्या घशात गाठ आहे. उद्या कळेल कसली ती."

कुलूपनं डोळे मिटले.

"म्हणजे हा गप्प होता तो रागानं नव्हे?" मॅनेजर म्हणाला. त्यानं पेन परत घेतलं, पण खिशाला लावलं नाही, हातातच फिरवत राहिला. "तुम्ही आधी बोललात ते बरं केलंत. मीही खरं सांगतो. पाय मला दुसरे मिळतील, तरणे. मी आज बघितलं की इतकी वर्षं आम्ही विकत काय घेत होतो. तो आवाज परत येणार असेल तर कागद तयार आहेत." मग तो म्हणाला, "आणि रिपोर्ट कसाही आला तरी कळवा. नुसतं कामापुरतं नाही म्हणत मी."

घरी जाताना गाडी कुलूप चालवत होता. कुलूपला तिला विचारायचं होतं की कशाला सांगितलंस. पण बहुधा त्याला उत्तर माहीत होतं. नसतं तर त्यानं सिग्नलला थांबल्यावर तिचा हात हातात घेतला नसता.

सकाळी स्वयंपाकघरात दोन पेल्यांत मिठाचं गरम पाणी निवत होतं. बायकोचा आवाज रात्रीत पूर्ण गेला होता. बसस्थानकावर तिनं येत नसल्याचा निरोप लिहून धाडला होता. स्वयंपाकघर इतकं अरुंद की एकाच्या मागून दुसऱ्यानं जायचं तर सांगून जावं लागे. कुलूप ओट्याकडे जाताना सवयीनं 'मागे आहे' म्हणायला गेला आणि थांबला. त्याऐवजी त्यानं तिच्या पाठीवर तळवा टेकवला. तिनं वाट दिली.

फोन वाजला. तिनं झडप घालून घेतला. तिच्या तोंडून 'हॅलो'ऐवजी वारा आला.

"हॅलो?" पलीकडून डॉक्टरीणबाई. "हॅलो, आवाज येत नाहीये. कोण बोलतंय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. या घरात कुणीच बोलत नव्हतं.

"बरं, नंतर करते मी..."

कुलूपनं चमचा उचलला आणि पेल्यावर ठण्णकन मारला. मग पुन्हा. बायकोनं फोन पेल्यापाशी धरला. पलीकडून हसू आलं.

"अच्छा, पेशंट आहेत वाटतं. शहाणे आहेत, खरंच बोलत नाहीत. पण सोबत कुणी नाही का? बरं, ऐका."

बायकोनं फोन कानाला घट्ट लावला. पुढचं कुलूपला ऐकू येईना. तिचे डोळे भरून आले, ओठ वेडेवाकडे झाले, एक हात तोंडावर गेला. चेहऱ्यावर विश्वास ठेवला असता तर तो तिथेच खाली बसला असता. त्यानं नजर खाली नेली. फोन घेतल्यापासून ती चवड्यांवर ताठ उभी होती. आता तिच्या टाचा हळूच फरशीला टेकल्या. कंबर सैल झाली, एका बाजूला कलली आणि ओट्याला रेलली, लांबच्या प्रवासाहून आलेलं माणूस दाराशी रेलतं तशी.

कुलूपनं चमचा खाली ठेवला. त्याला कळलं होतं. मग त्यानं वर बघितलं, तिला आवडायचं तसं, आणि बराच वेळ बघत राहिला.

हिशेब पुढे असा लागला. कुलूपला वर्ष मिळालं, आवाज मिळाला, आणि घरीही तो थोडा थोडा खर्च करायची त्यानं सुरुवात केली. मॅनेजरला एका पगारात दोन माणसं मिळाली. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची त्यानं सही झाली त्याच दिवशी बायकोच्या नावे राखून टाकली. कप्तानाचं मन हलकं झालं. उंटानं गाडीला रंग लावला, जरा वेगळ्याच छटेचा.

किंमत दिली ती बसस्थानकावरच्या लोकांनी. फोन आला त्या सकाळी घोषणेच्या खिडकीत सर्दी झालेला एक तिकीट कारकून बसला होता, आणि चौथ्या फलाटावरचे प्रवासी आपल्याला कुणीतरी सांगेल म्हणून सामानावर निवांत बसून होते. त्यांच्या समोरून गाडी निघून गेली.